हरिचंदच्या सनदेवर

थावरा डोंगरकडा गावाजवळच्या एका तांड्यावरचा. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता. आगगाडी आली आणि ते बैल दावणीला बसले. बापानं मुरमाड जमिनीत ज्वारी पिकवून पाहिली. थावरा मात्र चोविसाव्या वर्षी, १९३४ ची दिवाळी झाल्यावर, वसमतला किसनरावांच्या जिनात कामाला लागला. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. तिथं बॉयलरच्या तोंडात लाकडं घालायचं काम त्याला मिळालं.

बॉयलर चालवायचा तो हरिचंद मिस्तरी. खानदेशातला, बुटका, दातांत कायम बडीशेप. सरकारी परीक्षा पास झालेल्या माणसानंच बॉयलर चालवायचा असा कायदा होता, म्हणून हरिचंदची सनद काचेच्या चौकटीत घालून बॉयलरघराच्या भिंतीवर टांगलेली असे. त्याला शिकवायची हौस होती आणि थावराला शिकायची.

"ही पांढरी दिसती ना, ती खरी वाफ न्हवं," हरिचंद सांगायचा. "ती निवलेली. खरी वाफ दिसत न्हाई. तिच्यात हात गेला की मग कळतं."

पाच हंगामांत थावरा सगळं शिकला. पाणी किती ठेवायचं, दाब कुठवर चढू द्यायचा, पट्टा घसरला तर चालत्या चाकावर कसा चढवायचा. मग १९३९ च्या होळीला हरिचंद गावी गेला आणि तिकडंच पटकीनं वारला. चिठ्ठी आली ती महिन्यानं.

नवा हंगाम तोंडावर आला तरी दुसरा सनदवाला मिळेना. किसनराव बॉयलरघरात आले. भिंतीवरच्या चौकटीपुढं जाऊन उभे राहिले.

"तपासणीवाला साहेब सोमवारी येतोय," ते म्हणाले. "नवीन हाय. त्यानं हरिचंदला कधी बघितलं न्हाई. अन् सनदेवर फोटू बी न्हाई."

थावराला कळेना मालक कशाबद्दल बोलून राहिले.

"सनद हाय, माणूस न्हाई. तू माणूस हायेस, सनद न्हाई. एक हंगाम निभावून ने. पुढल्या वर्षी तुला परीक्षेला धाडतो. माझा शब्द."

जीन बंद पडलं असतं तर दीडशे बायामाणसं घरी बसली असती, आणि थावराला ती नावानं ठाऊक होती. शिवाय, खरं सांगायचं तर, त्याला आनंदही झाला. बॉयलर त्याचा होणार होता. सोमवारी साहेबानं नाव विचारलं. "हरिचंद," थावरा म्हणाला. जीभ जराही अडखळली नाही.

त्याची बायको जिवनबाई तांड्यावर राहायची. तिनं ऐकलं तेव्हा भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"मेल्या माणसाचं नाव घेऊन आलास?"

"एका हंगामापुरतं."

"नाव काय उसनं घोंगडं हाय? पाऊस सरला की देऊन टाकायला?"

तिचं खरं ठरलं. हजेरीच्या कागदावरून थावरा गेला, हरिचंद राहिला. गावात पोरंसोरंसुद्धा त्याला हरिचंद मिस्तरी म्हणू लागली. दोन हंगामांनी त्यानं परीक्षेचं काढलं, तर किसनराव डोकं खाजवत बसले. त्यांनी चौकशी केली होती.

"अर्जासोबत कामाचा दाखला लागतो. आता बघ. आपल्या कागदावर थावरा काम सोडून गेला त्याला दोन वर्षं झाली. तू बॉयलर चालवतोस असं मी लिहिलं, तर मग हरिचंद इथं काय करून राहिला? दोघं बी आत जाऊ."

थावरानं ते पुन्हा पुन्हा मनात फिरवून पाहिलं. कुठूनच वाट सापडेना. मालक वाईट नव्हते. संक्रांतीला जिवनबाईला लुगडं पाठवायचे, आजारपणात डॉक्टर आणायचे. पण खोटं नाव साहेबापुढं थावराच्या तोंडून निघालं होतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

त्यातच जगातली लढाई आणखी भडकली. मुंबईहून सुटे भाग येईनात. पाणी दाखवणारी काचेची नळी फुटली ती फुटलीच. थावरा वरखालच्या तोट्या उघडायचा आणि सूं आवाज आला तर वाफ, फर्रफर्र आला तर पाणी, असं कानानं ओळखायचा. पंपाचं झाकण झिजलं तेव्हा त्यानं जिवनबाईची पितळी घागर आणली, तांबटाकडं बसून ती वितळवली आणि नवं झाकण ओतून घेतलं. आसपासची दोन जिनं सामानावाचून बंद पडली. किसनरावांचं चालू राहिलं. 'वसमतचा हरिचंद' ही चर्चा नांदेडपर्यंत गेली.

१९४४ च्या पावसाळ्यात हंगाम बंद होता. बॉयलर थंड करून आतला खवला काढायचं काम चाललं होतं. वरच्या भोकातून अंग चोरून आत उतरायचं, कंदिलाच्या उजेडात आडवं पडायचं आणि हातोडीनं पत्र्यावरचा चुनखडा फोडायचा. नाकातोंडात भुकटी जाई. थावरा दम घ्यायला थांबला होता, एवढ्यात बाहेर बोलणं ऐकू आलं. नांदेडहून एका गिरणीचा माणूस आला होता.

"तुमचा मिस्तरी आमाला द्या. बारमाही काम हाय, राहायला खोली. आमच्याकडं नवे बॉयलर येऊन राहिले."

"न्यायला हरकत न्हाई," किसनराव म्हणाले. "पण त्याला यायचं न्हाई. म्हातारा झाला. इथंच मरीन म्हणतो."

थावरा चौतीस वर्षांचा होता. तो भोकाकडं सरकला, हात वर केले. लोखंडाच्या कडेला बोटं लागली. वर जाऊन काय सांगणार होता तो? मी म्हातारा नाही? मग हरिचंद किती वर्षांचा? बोटं तशीच कडेवर राहिली. बाहेरची पावलं फाटकाकडं गेली. त्यानं हातोडी उचलली आणि पुन्हा आडवा झाला.

सुटायची एक संधी अजून आली. १९४६ च्या तपासणीला निराळे साहेब आले, पिकल्या दाढीचे, हैदराबादचे. त्यांनी ओतीव झाकण काढून पाहिलं, बोटानं चाचपलं, मान डोलावली. मग चष्मा लावून भिंतीवरची सनद नीट वाचली.

"इस काग़ज़ के हिसाब से तुम्हारी उम्र अट्ठावन होती है," ते हळूच म्हणाले.

थावराच्या डोक्यात एकही केस पांढरा नव्हता.

साहेबांनी आवाज आणखी खाली आणला. "हुनर तुम्हारा है, ये मैं देख रहा हूँ. डरो मत. अपना नाम बोलो."

किसनराव दारातच उभे होते. डोळ्यानं खुणावत नव्हते. थावराला आपलं नाव घशापाशी आलेलं जाणवलं. त्यामागोमाग तुरुंग आला, जिवनबाई आली, बंद पडलेलं जीन आलं.

"हरिचंद," तो म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला, कागदावर सही केली आणि निघून गेले. त्या दिवशी थावरा जेवला नाही.

१९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांची धामधूम वाढली. सरहद्दीवर नाकाबंदी झाली, रुईच्या गाठी आवारात पडून राहिल्या. किसनराव बायकामुलांना घेऊन वाशीमला निघाले आणि किल्ल्या थावराच्या हातात देऊन गेले. "तुझ्याबिगर कोणावर सोडू?" थावरा जिवनबाईला भेटायला तांड्याकडं निघाला, तर नाक्यावर बंदूकवाल्यांनी ओळखीचा कागद मागितला. खिशातला कारखान्याचा परवाना हरिचंदच्या नावाचा. तांड्यावर मात्र हरिचंदला ओळखणारं कुणी नव्हतं. चौकशी झाली तर काय, या धास्तीनं तो नाक्यावरूनच मागं वळला. चार महिने गार बॉयलरशेजारी एकट्यानं काढले. भाकऱ्या स्वतःच भाजायचा, जिनातले पट्टे उंदरांपासून राखायचा.

सप्टेंबरात निजामाची फौज शरण आली. दिवाळीच्या आधी किसनराव परतले, सोबत अकोल्याहून एक नवं ऑईल इंजन आणि ते चालवणारा कारागीर घेऊन. लाकडं नकोत, वाफ नको, घटकाभरात सुरू. बॉयलर भंगारात तोडायला दिला. किसनरावांनी भिंतीवरची चौकट उतरवून थावराच्या हातात ठेवली.

"घे. या इंजनाला सनद लागत न्हाई."

"मालक, आता तरी लिहून द्या. थावरानं चौदा वर्षं इथं काम केलं म्हणून."

किसनराव नव्या इंजनाकडं वळले. "नवं सरकार हाय. जुनं उकरलं तर काय निघंल कोण जाणं. पट्ट्याच्या कामावर राहा हवं तर. तुला न्हाई म्हणणार न्हाई मी."

थावरा राहिला नाही. हिंगोलीत एका जिनाचा बॉयलर अजून चालू होता. चौकट फडक्यात गुंडाळून तो गाडीनं तिथं गेला. सनद दाखवली असती तर मिस्तरीची जागा मिळाली असती, जन्मभराचा हरिचंद होऊन. रस्ताभर त्यानं ते गाठोडं मांडीवर धरून ठेवलं. व्यवस्थापकानं नाव विचारलं तेव्हा मात्र ते पायाशी सोडून तो म्हणाला, "थावरा. डोंगरकड्याकडचा."

"सनद?"

"न्हाई. पण बॉयलर चालवता येतो."

व्यवस्थापक त्याला आत घेऊन गेला. थावरानं तोट्या उघडून आत पाणी किती ते सांगितलं, डाव्या बाजूची गळती आवाजावरून दाखवली. तिथला तरुण मिस्तरी ऐकतच राहिला. व्यवस्थापक खुश झाला, पण त्यानं नकारार्थी मान हलवली. "हात चांगला हाय. कागद न्हाई तर मिस्तरी करता येत न्हाई. आगीवर घेतो. दोन-तीन हंगाम कर, मग दाखला देऊ, परीक्षा दे."

थावरा अडतीस वर्षांचा होता. आगीवर लाकडं घालायचं काम त्यानं चोविसाव्या वर्षी केलं होतं, तेव्हा पाठ दुखत नसे. "कवापासून येऊ?" त्यानं विचारलं.

"आत्तापासून."

त्यानं सदरा काढून खुंटीला अडकवला आणि भट्टीचं दार उघडलं. आतली राख बरीच साचली होती. आधी ती ओढून काढावी लागणार होती.