जाधवांच्या बाकावरची जागा

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. तिचा नवरा बोलत होता. "डोक्यातली नस फुटली म्हणाले डॉक्टर. काल सगळं उरकलं. तेराव्याला या." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. उरकलं म्हणे. मी ताटातले खडे बघत बसले.

तेराव्याला गेले. भिंतीवर तिचा फोटो, त्याला हार, आणि हा गृहस्थ आल्यागेल्याला सांगतोय, "फार सोशिक होती हो. कधी कसली तक्रार नाही. बाहेरचा घास म्हणून कधी तोंडात घातला नाही तिने." मला आधी हसू फुटलं आणि मग असा संताप आला की पानावरून तशीच उठून आले. कारण गेली सात वर्षं दर शनिवारी ही बाई माझ्या शेजारी बसून पिझ्झा खात होती.

आम्ही दोघी तुर्भ्याच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. शनिवारी अर्धा दिवस. सुटलो की वाशीत जाधवांच्या गाळ्यावर जायचो. जाधव साताऱ्याकडचे. मार्केटात कांद्याची पोती उचलून कंबर गेली, तेव्हा मेव्हण्याच्या नादाने त्यांनी पिझ्झ्याचं दुकान घातलं. बेकरीतून आणलेले जाड गोल पाव, त्यावर लाल चटणी, कांदा, सिमला मिरची, वर डब्यातलं चीज किसून. स्टीलच्या ताटलीत मिळायचं सगळं. एक पंखा, दोन टेबलं आणि भिंतीला लागून एक लाकडी बाक. बाक चौघांचं, बसायचे सात. नवीन कोणी आलं की जाधव ओट्यामागून म्हणायचे, "ताई, वाईच सरका की. हुतीय जागा." आणि खरंच व्हायची.

सुनंदा त्याला इटलीचं थालीपीठ म्हणायची. खाण्याची तिची तऱ्हा वेगळी. आधी सगळ्या कोरड्या कडा संपवायच्या, मधला चीजचा भाग शेवटाला. "अगं, गार होतंय ते," मी ओरडायचे. "होऊ दे. चांगलं शेवटी खावं, तोंडाला चव राहते." निघताना मूठभर बडीशेप चघळायची आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून विचारायची, "वास येत नाही ना गं?" यावर आम्ही दोघी पोट धरून हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं, कोण जाणे.

नवरा मारायचा तिला. मला ठाऊक होतं. ऐन मे महिन्यात बाई फुल हाताचे ब्लाउज हौसेने नाही घालत. पण मी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय... एका शनिवारी मूठ तिनेच उघडली. त्याच बाकावर, कडा खाता खाता, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कळंबोलीला एक खोली बघितलीये. पुढच्या महिन्यात ताब्यात मिळेल. घरात आता नाही राहवत. तोवर मी आणि पिंकी आठ-दहा दिवस तुझ्याकडे राहू?"

मी घाबरले. सासूबाई काय म्हणतील, सोसायटीत काय बोलतील, तो दारात येऊन तमाशा करेल... तोंडातून निघालं, "अगं, आमच्याकडे जागा कुठे? वन रूम किचन ते. आणि पोरीची दहावी आहे. तेवढी होऊ दे, तोवर जरा ॲडजस्ट कर ना."

"हो गं, तेही खरंच," ती म्हणाली. "तू नको टेन्शन घेऊ." मधला भाग तिने त्या दिवशी ताटलीत तसाच टाकला. का, विचारलं तर म्हणाली, पोट भरलं.

कळंबोलीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मीही नाही. पिंकीची दहावी झाली, बारावीही झाली. शनिवार चालूच राहिले. डोकं दुखतंय म्हणायची, पाण्याबरोबर गोळी घ्यायची. तिने विचारलं त्याच वर्षी मे महिन्यात माझ्या नणंदेकडचे पाचजण येऊन महिनाभर आमच्या वन रूम किचनमध्ये राहून गेले. गॅलरीत, ओट्याखाली, कुठेकुठे झोपले. झाली की जागा.

नस का फुटली ते डॉक्टरांना माहीत. मला जे वाटतं ते वाटतं. तिच्या नवऱ्याला मी मनातल्या मनात रोज शिव्या घालते आणि घालत राहीन. पण तो तसाच होता, त्याच्याकडून कोणाची काय अपेक्षा होती? मैत्रीण मी म्हणवत होते. सोशिक-बिशिक काही नव्हती सुनंदा. आयुष्यात एकदा तिने मागितलं, आणि ते माझ्याकडे मागितलं.

गेल्या शनिवारी एकटीच जाधवांकडे गेले. "दुसऱ्या ताई न्हाईत आज?" त्यांनी विचारलं. सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि ताटली आणून ठेवली. मी शेजारी, तिच्या जागेवर, पर्स ठेवली होती. कडांपासून सुरुवात केली. तेवढ्यात एक बाई दारात आली, हाताला शाळेच्या गणवेशातली मुलगी. जाधवांनी माझ्याकडे पाहिलं. जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "ताई, वाईच सरका की."

मी पर्स उचलून मांडीवर घेतली आणि सरकले. वीतभरच सरकले असेन. मायलेकी आरामात बसल्या.