ऱ्हाईनची ओटी

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! विलायतेला जाऊन लोक काय काय करून येतात. कुणी बॅरिस्टर होतो, कुणी मडम घेऊन येतो. मी काय केलं? भर दुपारी, शंभर-दीडशे माणसांसमोर, एका बाईला नदीत ढकलल्याचा आळ डोक्यावर घेतला. आणि ती बाई कोण? नारळ!

थांबा, इतक्यात हसू नका. चहा घ्या आणि पहिल्यापासून ऐका.

मी तेव्हा विलायतेत शेतकी शिकत होतो. घरी मोर्शीला संत्र्याच्या बागा, म्हणून वडिलांनी धाडलेलं. त्याच सुमारास अकोल्याचे एक बडे वकीलसाहेब प्रिव्ही कौन्सिलातल्या अपिलासाठी लंडनला आले. अपील आटोपल्यावर आठ दिवस ऱ्हाईन नदीवर बोटीनं फिरायचं, काठची जुनी गावं बघायची, असा त्यांचा बेत. दोन-तीन महिने आधीच मला निरोप आला : तुम्हीही चला. मी घरी कळवून टाकलं.

आता अकोल्याचा वकील मोर्शीच्या पोराला उगाच कशाला फिरवेल? तिकडं अकोल्याला त्यांची मुलगी लग्नाची होती. तिला मी अमरावतीला एका लग्नात पाहिली होती, आणि खरं सांगतो, तेव्हापासून माझं पुस्तकात लक्ष नव्हतं. बोलणी अर्धीमुर्धी झालेली. म्हणजे ही सहल कसली? मुलगा पाहण्याचा कार्यक्रम! तोही आठ दिवसांचा!

त्यात निघायच्या आदल्या दिवशी आईचं पार्सल आलं. हिरवा खण, शेंडीचा नारळ, ओंजळभर गहू, हळद, कुंकू. सोबत चिठ्ठी : "ते नदी परदेशी असन, पन बाईमानूसच हाये ना? आठ दिवस तिच्या अंगावर बसून फिरशीन, अन् तिची ओटी नाही भरशीन, त काय म्हनन ते? माह्या नावानं भरजो. इसरू नको."

आईला नाही म्हणायची माझी टाप नव्हती. पण पहिल्याच जेवणाला वकीलसाहेबांनी काटा-चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "एक गोष्ट आताच सांगून ठेवतो तुमाले. मले जावई काळा चालन, बुटका चालन. अंगारे-धुपारेवाला नाही चालत."

घ्या! माझ्या ट्रंकेत हळदकुंकू!

चार दिवस ते गाठोडं तसंच राहिलं. आणि ती बोट! अहो, बैलगाडी बरी. दोन तास चालायची की आलंच एक गाव. गावात एक चर्च, चर्चला दोन मनोरे, वर टेकडीवर पडका किल्ला. उतरा, माना वर करा, परत चढा. दुसरं गाव? तेच चर्च, तोच किल्ला! आणि प्रत्येक किल्ल्यापुढं वकीलसाहेब काठी टेकून तेच वाक्य म्हणायचे, "आपल्या गाविलगडाची सर नाही याले."

मग आलात कशाला एवढ्या लांब? पण हे विचारणार कोण? होणारा सासरा! मी आपली मान डोलवत होतो.

पाचव्या दिवशी दुपारी डाव्या काठावर एक भला मोठा किल्ला दिसला. सगळी बोट डाव्या कठड्याला लोटली. म्हटलं, हीच वेळ. गाठोडं कोटाखाली घेऊन मागच्या टोकाला आलो. तिथं बाकावर हिरवा रुमाल बांधलेली एक म्हातारी मडम पेंगत होती. थोड्या वेळानं तीही उठून गेली. मी आईचं नाव घेतलं, हात जोडले आणि ओटी पाण्यात सोडली.

सोडली आणि माझी मलाच धडकी भरली. आईनं खण असा चापून बांधलेला, की खाली हनुवटीजवळ गाठ आणि वर शेंडीचे केस मोकळे. ते लाटेवर एकदा खाली जाई, एकदा वर येई. हुबेहूब रुमाल बांधलेली म्हातारी!

मी चटकन वकीलसाहेबांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात दुर्बीण लावून बसलेली एक जाडी मडम किंचाळली, "बाई बुडाली! बाई बुडाली!"

झालं! भोंगा वाजला. इंजिन थांबलं. खलाशी होडी सोडायला धावले. एका साहेबानं उडी मारायला कोट काढला, त्याच्या बायकोनं त्याला पट्ट्याला धरून मागं ओढला.

मी तेव्हाच बोललो असतो तर? 'अहो, तो नारळ आहे.' चार शब्द! पण शेजारी वकीलसाहेब डोळे पुसत उभे. "कोनाची माय असन बिचारी!" ते चारही शब्द मी गिळून टाकले.

कप्तानानं माणसं मोजली. एक कमी! कोण? ती हिरव्या रुमालाची म्हातारी! आणि दुर्बीणवाली माझ्याकडं बोट दाखवून ओरडली, "तिच्याजवळ हाच होता! हा एकटाच!"

शंभर-दीडशे माना माझ्याकडं वळल्या.

"साहेब," मी म्हणालो, "मले काही सांगाचं हाये..."

"चूप!" वकीलसाहेब कानाशी गुरगुरले. "एक अक्षर बोलू नका. आरोपी तोंड उघडते अन् केस बुडते. मी हावो नं!"

मग त्यांनी कोटाची बटणं लावली, कप्तानापुढं उभे राहिले आणि खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "हे गृहस्थ गेला तासभर माझ्या शेजारून हललेले नाहीत. हे माझे होणारे जावई आहेत!"

ज्या वाक्यासाठी मी पाच दिवस किल्ले पाहिले, ते वाक्य आलं कधी? तर खुनाच्या चौकशीत!

होडी परत आली. खलाशानं दोन्ही हातांनी गाठोडं वर धरलं होतं आणि त्यातून लाल लाल पाणी ठिबकत होतं.

"रक्त!" कुणीतरी ओरडलं. दुर्बीणवाली धपकन खुर्चीत पडली. मला ठाऊक होतं, ते कुंकू होतं. पण आता कोण ऐकणार?

कप्तानानं डोक्यावरची टोपी काढली आणि गाठ सोडली. नारळ टपकन फळीवर पडला आणि गडगडत वकीलसाहेबांच्या बुटापाशी जाऊन थांबला. मागं ओले गहू सांडले.

तेवढ्यात खालून हिरव्या रुमालाची म्हातारी पाव चावत वर आली. आचाऱ्याची बहीण होती ती, त्याच्याकडं खायला गेली होती. "बोट का थांबली? गाव आलं का?" तिनं विचारलं.

वकीलसाहेबांनी नारळ उचलला. नारळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"कोनाचा हाये हा?"

"आईनं धाडला. नदीची ओटी..."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमीच म्हनलं नं, अंगारे-धुपारे..."

"अबे भैताडा!" 'तुमी'चं 'तू' झालं. "मायनं देलेली ओटी म्हंजे अंगारा हाये का? तीस वर्सं वकिली केली, एक खोटा साक्षीदार उभा नाही केला. अन् आज मीच खोटा साक्षीदार! कायच्यापायी? त नारळापायी!"

मग नारळ माझ्या हातात कोंबून म्हणाले, "टाक आता. साऱ्याइच्या समोर, हात जोडून टाक. मायचं काम असं चोरून करतेत का?"

टाकला. सारी बोट बघत होती. लाजेनं मेल्यासारखं झालं.

त्यानंतर तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या किल्ल्यापुढं गाविलगडाचं नावसुद्धा काढलं नाही, तेव्हाच मी ओळखलं की सगळं संपलं. शेवटच्या गावात त्यांनी माझ्यादेखत अकोल्याला पत्र टाकलं. त्यात काय असणार ते सांगायला का ज्योतिषी लागतो? मी केबिनमध्ये जाऊन चक्क रडलो.

चार महिन्यांनी बडनेरा स्टेशनावर उतरलो, तर आई हसून म्हणते, "तुह्या लग्नाची तीथ धरली रे बाप्पा!"

मी वेड्यासारखा बघतच राहिलो. लग्न झालं, वर्ष गेलं, आणि मग एक दिवस हिनं मला ते पत्र दाखवलं. वकीलसाहेबांनी घरी लिहिलं होतं : "मुलगा पसंत आहे. अक्कल बेताची आहे. पण आईचा शब्द मोडत नाही, आणि काही लपवायला गेला की साऱ्या बोटीला कळतं. आपल्या पोरीला जन्मभर घोर नाही."

ते पत्र अजून हिच्या पेटीत आहे. मी बाहेरून आल्यावर काही थाप मारायला तोंड उघडलं, की ही बोलत नाही, भांडत नाही, नुसती पेटीकडं बघते. आणि मी मुकाट्यानं खरं सांगून टाकतो.