पोटहिस्सा: आकाराम मासाळ आणि नावाचा रकाना

आकाराम बिराप्पा मासाळ. जन्म १९५३, राहणार जत तालुक्यातील एक वाडी. मृत्यूच्या सालाचा रकाना सुदैवाने अद्याप रिकामा. महसूल खात्यात त्यांनी छत्तीस वर्षे कारकुनी केली आणि वडिलांचे नाव नसलेला एकही अर्ज पुढे सरकू दिला नाही. एकदा सासऱ्यांचा अर्जही त्यांनी परत केला. सासरे त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत.

निवृत्तीनंतर ते वाडीतल्या महिला घोंगडी विणकर संघाचे चिटणीस झाले. संघाला साताऱ्याच्या प्रदर्शनात जागा हवी होती आणि अर्ज शुक्रवारी पाचच्या आत ई-मेलने पोचणे बंधनकारक होते. आकारामांनी तो दोनदा पाठवला. दोन्ही वेळा तो आयोजकांच्या नकोशा टपालाच्या, म्हणजे स्पॅमच्या, ढिगात जाऊन पडला.

साताऱ्यात संगणकाचे काम करणाऱ्या प्रांजल या त्यांच्या पुतणीने कारण शोधले. "काका, संघाच्या डोमेनला, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याला, टेक्स्ट रेकॉर्ड नावाची नोंदच नाही. चावडीवरच्या फलकासारखा असतो तो. संघाच्या नावानं पत्र कोण पाठवू शकतं, ते त्यावर लिहायचं. समोरचा तो वाचतो, मगच पत्र आत घेतो."

ही व्यवस्था आकारामांना फार पसंत पडली.

प्रांजलने पुढे सांगितले, "डोमेनच्या पानावर नेमच्या रकान्यात फक्त ॲटचं चिन्ह घाला. म्हणजे खुद्द संघाचं डोमेन. आणि खाली मी पाठवलेली ओळ, जशीच्या तशी."

शुक्रवारी सकाळी त्यांनी ती ओळ तीनदा ताडून घातली. नावाच्या रकान्याशी मात्र हात अडला. शेपूट गुंडाळून बसलेल्या मांजरासारखे ते चिन्ह. त्याला नाव कसे म्हणावे? नोंद करणारे आपण, तेव्हा त्यांनी आपले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव इंग्रजीत लिहिले. मधल्या मोकळ्या जागा यंत्राला चालेनात, म्हणून तिथे टिंबे दिली. यंत्राने ती निमूट स्वीकारली.

तिसरा अर्जही ढिगातच गेला.

दोन वाजता प्रांजलचा फोन आला. हसू आवरत ती म्हणाली, "काका, नोंद तुमच्या नावावर झालीय! संघाच्या डोमेनात आकाराम बिराप्पा मासाळ नावाचा पोटहिस्सा पडलाय आणि फलक तिथं लागलाय. तिथं कोण बघायला येणार?"

फोन मोठ्या आवाजावर होता आणि संघाच्या अध्यक्ष रंगुबाई शेजारीच लोकर पिंजत होत्या.

"तुमच्या नावावर?" त्या ताडकन उठल्या. "आवं कारकून, संघाचा फलक सोताच्या नावावर चढवला व्हय? बांध कोरल्यागत? लय शाने हाय तुमी!"

कचेरीतली टाचणीही घरी न नेलेल्या माणसाचा चेहरा उतरला. "मी दुरुस्ती करतो. परंतु फेरफाराला पंधरा दिवसांची नोटीस लागते. हरकती मागवाव्या लागतात."

"पंधरा दिस? मुदत आज पाचला संपतीया!"

"नियम आहे, रंगुबाई."

रंगुबाई दारात गेल्या आणि मागावर बसलेल्या बायकांना ओरडून म्हणाल्या, "कारकुनाचं नाव काढायचंय! कुनाची हरकत हाय का?"

"न्हाई!" आतून एकमुखी आवाज आला. मनुबाईने भर घातली, "आंदी काढा, मग इचारा!"

तेवढ्यात अंगणातली एक मेंढी ओरडली. आकारामांची लेखणी थबकली.

"आवं, ती शेजारच्या शिवांजलीची हाय," रंगुबाई म्हणाल्या. "शिवांजली सभासद न्हाई, तर मेंढी कुठली?"

आकारामांनी लिहिले: हरकत एक, हितसंबंध नसल्याने फेटाळली.

जुनी नोंद काढून, तोंड वाकडे करत, त्यांनी रकान्यात ते मांजर बसवले. नव्या नोंदीची बातमी जगभरच्या यंत्रांत पसरू दे, म्हणून प्रांजलने तासभर थांबायला लावले. चार चाळीसला अर्ज गेला आणि चार बावन्नला उत्तर आले: अर्ज मिळाला.

पुढे जागाही मिळाली, तिसऱ्या रांगेत, लोणच्याच्या दुकानाशेजारी. रंगुबाई "चुकलं माजं" असे तोंडी म्हणाल्या. आकारामांनी ते इतिवृत्तात घेऊन त्यांचा अंगठा घेतला. राहिले ते एवढेच, की पत्रांवरच्या सहीसाठी प्रांजलने दुसरी नोंद पाठवली आहे, चारशे अक्षरांची. नुसती चिकटवली तरी चालते, असे ती सांगते. आकाराम ती वहीत हाताने उतरवून ताडत आहेत. दोनशे अकरावे अक्षर शून्य आहे की ओ, याचा त्यांनी लेखी खुलासा मागवला आहे.