अण्णांचा बाक आणि माझा वाघ

माणसं शेजाऱ्याच्या गाडीवर जळतात, साडूच्या फ्लॅटवर जळतात. मी माझ्या सख्ख्या वडिलांवर जळलो, तेही सिमेंटच्या एका बाकावरून.

हा बाक भोपाळमध्ये, शाहपुरा तलावाच्या काठावर, एका कडुनिंबाखाली आहे. सकाळच्या फेऱ्या संपल्या की तिथे एक मंडळी जमते. निवृत्त साहेब तिवारीजी हे त्यांचे अध्यक्ष (निवडणूक कधी झाली नाही, पण आवाज त्यांचाच मोठा). मूळच्या ग्वाल्हेरच्या सबनीस काकूंकडे नाश्त्याचं खातं. बाकीच्यांकडे हसण्याचं काम. हे लोक इतके हसतात की काठावरची बदकं कंटाळून पलीकडे जातात! पोहे, जलेबी, वाढदिवस, व्हॉट्सअॅपवर स्वतःचा ग्रुप, शिवाय अधूनमधून एखाद्या रविवारी केरवा नाहीतर कलियासोत धरणाकडे भटकंती. एकूण थाट होता.

मी तीन वर्षं त्या बाकासमोरून चालत होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. नोकरीने वाशीमकडून उचलून भोपाळला आणलं, त्याबद्दल मी नोकरीचा आभारीच आहे. पण आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, की मोठ्यांनी विचारल्याशिवाय आपण बोलू नये. ते मी इतकं मनापासून शिकलो, की तीन वर्षं कुणीतरी विचारण्याची वाट बघत होतो. बाक जवळ आला की चेहऱ्यावर एक हसू काढायचं, बाक मागे पडला की ते घडी घालून आत ठेवायचं. चार लोकांसारखं दिसावं म्हणून कानात इअरफोनही असायचे. (त्यात काही वाजत नसे. कुणी हाक मारली तर ऐकू यायला नको का!)

"अहो, जाऊन बसा ना सरळ," आमची वैशाली म्हणायची. "बाक महापालिकेचा आहे. तिवारीजींना हुंड्यात मिळालेला नाही."

"असं कसं? आधी ओळख नको?"

"ओळख बसल्यावर होते."

"आणि बसायला ओळख लागते!"

यावर ती कणकेच्या डब्याचं झाकण जरा जोरात लावायची.

अशात दिवाळीनंतर अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते. सगळी हयात उभ्याने काढली आणि मला खुर्चीत बसवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अंगातली गाडी अजून थांबलेली नाही. घरात सोफ्यावर कुणी ऐसपैस बसलं की म्हणतात, "सरका, सरका, पुढं जागा हाय." कुठेही निघायचं तर आधी डोकी मोजतात. आणि मोजून झाली की जे हाताला लागेल त्यावर दोनदा टकटक. डबल बेल! मग निघायचं.

पहिल्याच सकाळी तलावावर नेताना मी त्यांना बजावलं, "अण्णा, इथे उगाच कुणाशी बोलायचं नाही हं. मोठमोठे लोक असतात."

"बरं," अण्णा म्हणाले. मग चार पावलं चालून म्हणाले, "काहून रे? मोठ्या लोकायले तोंड नसते का?"

आणि सरळ बाकाकडे गेले!

"राम राम! जरा सरको भई, सरको. तीन की सीट है, दो लोग क्या पसर के बैठे?"

तिवारीजी, ज्यांच्यापुढे म्हणे अख्खं खातं थरथरायचं, ते सरकले! मी काय केलं? जो सुशिक्षित मुलगा करेल तेच. मी त्या माणसाला ओळखत नाही असा चेहरा करून पुढे निघून गेलो.

फेरी मारून परत आलो तर अण्णा मधोमध बसलेले, हातात चहा, मांडीवर जलेबी. मला बघताच हात वर करून ओरडले, "ये देखो, ये हमारा लडका सुरेश! बहुत शिकेला है. बोलता नहीं, पर है अच्छा."

तिवारीजींनी मला नखशिखांत न्याहाळलं. "अच्छा! आप भी यहीं टहलते हैं? पहले कभी देखा नहीं."

तीन वर्षं! त्या तलावाच्या पाण्याने मला बघितलं असेल, बदकांनी बघितलं असेल!

त्यानंतर जे सुरू झालं ते मुलगा म्हणून अभिमानाने आणि माणूस म्हणून दात चावत बघावं लागलं. आठवड्यात अण्णांचे 'बाबूजी' झाले. सबनीस काकूंनी त्यांच्यासाठी पुरणपोळ्या आणल्या. तिवारीजींनी जुना पण चांगला स्वेटर दिला. अण्णांनी बाकावर दोनदा टकटक केल्याशिवाय मंडळी घरी जायला उठेनात. एकदा अरेरा कॉलनीत भाजी घेताना एका अनोळखी गृहस्थांनी मला थांबवलं. "आप बाबूजी के बेटे हैं न?" मी हो म्हणताच त्यांनी माझ्या पिशवीत एक दुधीभोपळा टाकला. "बाबूजी को देना. घर की बेल का है." मला दुधी आवडत नाही. पण प्रश्न तो नव्हता. मला तीन वर्षांत कुणी मिरचीसुद्धा दिली नव्हती!

मग मी चंग बांधला. अण्णांची एक गोष्ट बाकावर फार गाजायची. त्यांच्या गाडीत एका म्हातारीच्या शेळीने तिकिटांचा गठ्ठा खाल्ला होता, आणि डेपोत हिशेब देताना अण्णांनी शेळीच मॅनेजरपुढे उभी केली, ती. मी ती लहानपणापासून ऐकतोय, मला तोंडपाठ आहे. एके दिवशी अण्णा घरी होते, तेव्हा मी धीर करून बाकाजवळ गेलो आणि ती शुद्ध हिंदीत, व्याकरणासह सांगितली.

काठावरचं एकही बदक हललं नाही.

"फिर बकरी का क्या हुआ? बीमार तो नहीं पड़ी?" तिवारीजींनी काळजीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट अण्णांनी सांगितली, तर तिवारीजी चष्मा काढून डोळे पुसत होते! वर मलाच म्हणतात, "सुना आपने? ऐसे सुनाते हैं!"

याच सुमारास केरवा धरणाकडे जायचा बेत ठरला. ज्या आमंत्रणासाठी मी तीन वर्षं तळमळत होतो, ते अखेर आलं. माझ्यासमोरच आलं. "बाबूजी को लाएगा कौन?" असं तिवारीजींनी विचारलं, आणि सबनीस काकू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे आहेत ना भैया. ह्यांच्याकडे गाडी पण आहे."

तर मी ड्रायव्हर म्हणून गेलो. बरोबर वैशाली होती.

धरणाच्या काठाने जाणारी पायवाट. डावीकडे पाणी, उजवीकडे झाडी, आणि सुरुवातीलाच वन विभागाची पाटी: हा वन्यप्राण्यांचा भाग आहे, सावध राहा. भोपाळच्या या बाजूला वाघ येऊन जातो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुढे काठी टेकत तिवारीजी, मध्ये अण्णा, त्यांच्याभोवती हास्याचा घोळका. सगळ्यात मागे मी, अण्णांची पिशवी घेऊन. पिशवीत पाण्याची बाटली, शाल आणि माकडटोपी. पुढे शेळीची गोष्ट पुन्हा सुरू झाली होती. जळणारा माणूस मान खाली घालून चालतो, तसा मी चालत होतो.

म्हणूनच मला ते दिसलं. पाण्याकाठच्या ओल्या चिखलात एक पंजा. मोठा, ताजा!

"थांबा!" मी ओरडलो. "रुकिए! बाघ!"

शेळी मॅनेजरच्या टेबलाशी थांबली. सगळे माझ्याकडे वळले. सगळे! आयुष्यात एवढे डोळे माझ्याकडे लग्नातही वळले नव्हते. मी गुडघ्यावर बसलो. टीव्हीवर लोक बसतात तसा. "ताजा है. अभी पानी भर रहा है इसमें. और ये देखिए नाखून. एकदम साफ! पूरा जवान नर है."

(नर कशावरून, हे मला आजही सांगता येणार नाही.)

"अरे वा, आप तो बड़े जानकार निकले!" कुणीतरी म्हणालं.

"भैया, तुम्ही तर काही बोलतच नव्हते!" सबनीस काकू म्हणाल्या. "इतकं मालूम आहे तुम्हाला!"

आणि तिवारीजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला! (आधारासाठी ठेवला होता. पण ठेवला!) मी पंज्याची लांबी वीत लावून मोजली, वाघाची उंची सांगितली, तो कुठल्या दिशेला गेला तेही सांगितलं. वैशाली एकटीच माझ्याकडे संशयाने बघत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. शेवटी मी उभा राहून हुकूम सोडला, "शांतपणे मागे फिरायचं. कोई भागेगा नहीं!"

हे ऐकताच सगळे पळाले. मीही पळालो. सगळ्यात पुढे होतो, पण ते वाट दाखवायला.

गाड्यांपाशी पोचून, धापा टाकत, दारं आतून लावून आम्ही बसलो. आणि निघायचं तरी कुणी गाडी सुरू करेना. काहीतरी व्हायचं राहिलं होतं. कुणी डोकी मोजली नव्हती. कुणी दोनदा टकटक केलं नव्हतं.

"अहो," वैशाली एकदम पांढरी पडली. "अण्णा कुठायत?"

माझ्या हातात पिशवी होती. पिशवीतून माकडटोपीचा गोंडा बाहेर आला होता. खरं सांगतो, मी तो गोंडा मुठीत घट्ट धरला. लहानपणी अण्णा ड्युटीवरून आले की त्यांच्या हातांना चिल्लरीचा वास यायचा, तो वास आला मला तिथे, गाडीत. ह्या माणसाने आयुष्यभर लोकांना त्यांच्या थांब्यावर उतरवून दिलं, आणि मी त्यांना वाघाच्या थांब्यावर सोडून पळून आलो!

मी दार उघडलं.

"आप चलिए, हम आपके पीछे ही हैं," तिवारीजी म्हणाले, आणि त्यांनी काच वर केली.

गडबडीत गाडीबाहेर राहिलेली त्यांची काठी मी उचलली आणि पळत सुटलो. "अण्णा! ओ अण्णा!" बाक गेला खड्ड्यात, ती शेळी गेली खड्ड्यात! सगळ्या भोपाळने त्यांना दुधी द्यावेत, स्वेटर द्यावेत, माझं काही म्हणणं नाही! असं मनात म्हणत मी त्या पंज्यापर्यंत पोचलो, आणि शेजारच्या झुडपात काहीतरी हललं. जड. जवळ. मी काठी उगारली. डोळे मात्र आपोआप मिटले. पुढच्या क्षणी माझ्या छातीवर काहीतरी आदळलं आणि मी चिखलात उताणा!

वाघ माझा चेहरा चाटू लागला.

"मोती! छोड़ उनको! छोड़!"

डोळे उघडले तर वर एक गलेलठ्ठ, चिखलाने माखलेला कुत्रा. त्याच्यामागे एक म्हशीवाला. आणि त्याच्यामागे, दगडावर बसून, पितळी पेल्यातून चहा पिणारे आमचे अण्णा.

"अरे बाप्पा! हा तं आपला सुरेश!" अण्णा म्हणाले. "काय रे, आंघोळ करून राह्यला का?"

"अण्णा! तुम्ही इथे काय करताय?"

"हे गृहस्थ दिसले, म्हनलं कोनतं गाव विचारावं. यायच्या बहिणीचं सासर बऱ्हाणपुराकडं हाय. तुले सांगूनच गेलो मी. पन तू ते लेक्चर देत होता. चांगलं बोलत होता, म्हनून मधात बोललो नाही."

गुरुजींचं शिक्षण बापाने पाळलं होतं!

एव्हाना हाका ऐकून मंडळी हळूहळू आली. आधी वैशाली, मग सबनीस काकू, आणि धोका टळल्याची खात्री झाल्यावर तिवारीजी. मी उठून उभा राहिलो. माझ्या पांढऱ्या टी-शर्टवर, बरोबर छातीच्या मध्यभागी, चिखलाचा एक पंजा उमटला होता. मोठा, ताजा.

तिवारीजी वाकले. त्यांनी चिखलातला पंजा बघितला. मग माझी छाती बघितली. मग पुन्हा चिखल. "नाखून भी वही हैं," ते गंभीरपणे म्हणाले. "एकदम साफ."

"भैया," सबनीस काकू मोबाईलमधून मान वर काढून म्हणाल्या, "इथे लिहिलंय, वाघ चालताना नखं आत घेतो. बाहेर दिसतात ती कुत्र्याची!" आणि तोच मोबाईल माझ्याकडे वळवून त्यांनी माझा फोटो काढला.

मग ते हसले. शेळीला कधी हसले नसतील इतके हसले! वैशाली तर मोतीच्या पाठीवर हात टेकून हसत होती. अण्णांनी पेला परत केला, सगळ्यांची डोकी मोजली, आणि माझ्याकडे बघून शेवटचा आकडा जोडला, "अन् हा एक वाघ!" मग तिवारीजींच्या काठीने दगडावर टक, टक. आणि आम्ही निघालो.

थंडी संपता संपता अण्णा गावी गेले. त्यांना सोडायला अख्खा बाक हबीबगंजला आला होता. (स्टेशनचं नाव बदललं, पण आमची जीभ अजून जुन्याच तिकिटावर चालते.) हार घातले, दुधी दिले, तिवारीजींनी रुमाल काढला. मी मनात म्हटलं, चला, आता आपली जागा पुन्हा रस्त्यावर.

दुसऱ्या सकाळी इअरफोन घरीच ठेवून गेलो. बाक जवळ आला. मी हसू बाहेर काढतोय तोच तिवारीजी ओरडले, "सरको भई, सरको! बाबूजी का लड़का आया है!"

आणि ते सरकले. मी बसलो. सिमेंट गार होतं, चहा गोड होता, आणि मला काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी जलेबी खाल्ली.

तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये मला घेतलं होतं. तीन वर्षं ज्याची वाट बघितली तो ग्रुप! मी जलेबीच्या चिकट बोटाने उघडलं. घेणारा कोण? अण्णा. जाण्यापूर्वी तिवारीजींनी त्यांना अॅडमिन करून टाकलं होतं, आणि ते वाशीमला बसून इथली सीट भरत होते.

ग्रुपला फोटो होता माझाच. टी-शर्टवरचा पंजा नीट यावा म्हणून सबनीस काकूंनी जरा जवळून घेतला होता, त्यामुळे डोकं वरच्या कडेला कापलं गेलंय. पण तक्रार नाही. मी त्या मंडळीत आलो खरा. वडिलांच्या वशिल्याने आलो आणि गळ्यापासून खालीच आलो, एवढंच!