पेटीवर बसलेली शांतामावशी

आंब्याच्या पेटीतल्या गवताचा वास आला, की मला शांतामावशी आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. परक्या मुलखातल्या युद्धात पकडलेल्या पोरांना छावणीत मारतात, अशी बातमी आली नि आमचं अख्खं पावस गाव संतापानं पेटलं. तेवढ्यात मंत्री सभेला आले. त्यांना द्यायच्या हापूसच्या पेटीवरच मावशी बसली. रत्नदुर्ग किल्ला हलला असता, मावशी नाही!

“त्या छावणीची चौकशी झालीच पाहिजे, असं माईकवर बोला. मग न्या पेटी.”

मंत्री हसले. “मावशी, ती पोरं तुमची आहेत काय?”

“नाहीत. म्हणून मारायची काय हो?”

मंत्री माईकवर चौकशीचं नाव न काढता, रिकाम्या हातांनी गेले. आम्ही पोट धरधरून हसलो.

आज टीव्हीवर पुन्हा तशीच छावणी, तशीच पोरं. हसू येत नाही. पेट्या मात्र मंत्र्यांच्या बंगल्यांवर बिनबोभाट पोचतात. त्यांच्यावर बसायला कुणीच नाही.