पगारवाढीचा नेम

पेढ्यांचं ताट समोर आलं की मामा उजवा हात छातीवर ठेवायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि म्हणायचे, "सोडलंय मी ते."

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या जिनिंगच्या मुहूर्ताला. सेलूच्या त्या जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायच्या काट्यावर, मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. दसऱ्याला हंगामातली पहिली गाडी काट्यावर चढते, नारळ फुटतो, कापूस आणणाऱ्याला टोपी-उपरणं मिळतं. मग शेट सगळ्या कामगारांना अंगणात बोलावतात आणि त्या सालची पगारवाढ सांगतात. वाढ सांगून झाली की पेढे. मी स्वतः गोडखाऊ. हातातोंडाशी आलेला पेढा परत पाठवणारा माणूस मला आधी दिसला नव्हता.

"काशीला जाऊन आलात का मामा?" मी विचारलं. काशीला गेलेला माणूस आवडीची एखादी वस्तू तिथं सोडून येतो आणि पुढं जन्मभर ती खात नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

"काशी कुठली, भाऊ," मामा म्हणाले, "पगारवाढ झाली न्हवं का."

भोवतीचे सगळे खो खो हसले. मला काही कळलं नाही, पण नवीन माणसानं हसलेलं बरं म्हणून मीही हसलो.

मामा मशीनींना तेल देण्याच्या कामावर होते. हंगाम सुरू झाला की त्यांच्या भुवयांवर, कानांत, मिशीत कापसाची लव बसायची, आणि ती झटकायचे कष्ट ते घ्यायचे नाहीत. "सांजच्याला बसणारच हाय पुन्हा," म्हणायचे. हंगाम संपला की बाकीचे घरी जायचे, मामा मात्र बारमाही होते. सगळे त्यांना मामा म्हणत. शेटही म्हणत, शेटचा नातूही म्हणत. इतक्या भाच्यांचा मामा असूनही माणूस कुणावर हक्क सांगायचा नाही.

त्यांच्या त्या नेमाची हकीकत मला हळूहळू कळली. दसऱ्याला वाढ जाहीर झाली की त्या संध्याकाळी मामा आणि मामी चुलीपाशी बसत आणि यंदा काय सोडायचं ते ठरवत. एक साल मामांचं, एक साल मामींचं. माझ्यासारख्याला वाटणार, वाढ झाल्यावर माणसानं काहीतरी घ्यावं, हे सोडायचं कुठलं खूळ? मी तसं बोलूनही दाखवलं.

"भाऊ, दसऱ्यापातूर आशा आसती," मामांनी समजावलं. "वाटतं, औंदा बरं देतील, उगं कशाला काय सोडायचं? उधार-उसनवार चालू ऱ्हातं. वाढ कानावर पडली की मग कळतं. तेल पुढं गेलेलं आसतं, डाळ पुढं गेलेली आसती, ग्यास तर दिसतबी न्हाई इतका पुढं. आपुन हाय तिथंच. मग काय करावं? एक वज्जं खाली ठिवायचं आन् चालायचं."

पहिल्या साली मामांनी विड्याचं पान सोडलं होतं. मग मामींनी दुधाचा चहा. मग मामांनी गोड. मग मामींनी मंगळवारच्या बाजारातली जिलबी. सोडायचं ते आवडीचंच, हा त्यातला मुख्य नियम. नावडतं सोडून कसला नेम?

"पण मामा, हे पेढे तर शेटचे, फुकटचे," मी म्हटलं. "हे खायला काय हरकत आहे?"

"फुकटचं खाल्लं की जिभंला याद ऱ्हाती. मग घरी आल्यावर ती मागती. तिला काय ठावं, फुकटचं कोन्तं आन् इकतचं कोन्तं?"

मी त्यांच्या वाटणीचा पेढाही खाल्ला.

लोकांना मात्र या नेमाचं भलतंच रूप दिसायचं. लग्नाच्या पंगतीत मामा जिलबी नको म्हणत, बुंदी नको म्हणत, आणि वाढपी हात जोडून पुढं जात. माळ न घालता एवढं पथ्य पाळणारा माणूस म्हणून गल्लीतल्या दोन-चार म्हाताऱ्या त्यांच्या पायाही पडत. मामा पाय मागं घेत आणि म्हणत, "आवो नका, मी काय साधू न्हाई, जिनिंगात हाय." म्हाताऱ्यांना ती विनयाची परमावधी वाटायची.

खरं सांगतो, माझ्या घरी याहून वेगळं काही चालत नव्हतं. माझी वाढही त्याच दसऱ्याला, त्याच अंगणात व्हायची. पेपर बंद झाला, मग रविवारचं मटण महिन्यावर गेलं, मग मुलाची शिकवणी गेली. आम्ही त्याला सोडणं म्हणत नव्हतो. "सध्या बंद ठेवलंय" म्हणत होतो, जणू उद्या परवा सुरू होणार आहे. मामांचा शब्द जास्त खरा होता.

एका दसऱ्याला मामा पुढं होऊन बोलले. त्यांनी बोलावं असं बाकीच्यांनीच ठरवलं होतं, कारण शेट त्यांच्यावर कधी चिडत नसत. शेटनी वाढ सांगितली, पेढ्यांचं ताट निघालं, आणि मामांनी टोपी काढून हातात घेतली.

"शेट, एक इनंती हाय. पैशे वाढवूच नका."

शेटनी हातात घेतलेला पेढा परत ताटात ठेवला.

"मागल्या साली हप्त्याला घरी जेवढा बाजार यायचा, तेवढाच यावा. बस. त्याच्यावर एक दाना नको. त्याला मग शंभर लागू द्या न्हाईतर पाच लागू द्या, आमाला त्याचं काय बी न्हाई."

शेट हसले, पण ते हसणं वाईट नव्हतं. शेट मनानं वाईट माणूस नव्हतेच. "मामा, कापसाच्या गाठीला भाव नाही, विजेचं बिल तुम्ही बघता. माझ्या हातात पगार आहे, तो मी वाढवला. बाजार माझ्या हातात आहे का?"

"मग कुनाच्या हातात हाय?" मामांनी विचारलं.

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच ते नाव पाहिजे होतं, म्हणजे तिथं जाऊन विनंती करता आली असती. शेटनी ताट पुढं न्यायची खूण केली. मामांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते मशीनकडं गेले. परत जाताना एवढंच म्हणाले, "एक दसरा तरी काय बी न सोडता जावा, भाऊ. एकच. मग पुढं हायेच." त्यांचं मागणं एवढंच होतं, आणि ते मला कधीच मोठं वाटलं नाही.

त्यानंतरचं साल मामींचं होतं. मामी म्हणजे बारीक अंगाची, सदा घाईत असलेली बाई. मामांचा डबा कधी कधी घेऊन यायच्या तेव्हा फाटकातूनच हाक मारायच्या, आत यायच्या नाहीत. चार-पाच वर्षांपासून त्यांना रक्तदाब होता. सरकारी दवाखान्यातली गोळी त्यांना मानवली नाही, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी बाहेरची लिहून दिली होती. ती रोज एक घ्यायची. मामा हप्ता हातात पडला की गोळ्यांचे पैसे आधी बाजूला काढून मामींच्या हातात देत, मग बाजाराला जात. सगळं सोडू, पण गोळीला हात लावायचा नाही, हे त्यांनी ठरवून टाकलेलं होतं.

त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा हसतच कामावर आले. "औंदा गंमत झाली बगा. ही म्हनली, मी सोडलं, पन काय सोडलं ते सांगनार न्हाई. सांगितलं की नेम मोडतो म्हनं."

मग काय विचारता! साऱ्या जिनिंगाला एक कोडं मिळालं. मशीनीत कापूस टाकणाऱ्या बाया दिवसभर अंदाज बांधायच्या. कुणी म्हणे शेंगदाण्याची चटणी, कुणी म्हणे केसाचं वासाचं तेल. त्यांच्यातली एक थोराड, मोठ्या आवाजाची बाई होती. ती मशीनीच्या आवाजावर ओरडली, "मामा, तुमालाच सोडलं आसंल हो तिनं!" मामा इतके हसले की त्यांच्या भुवयांवरची लव उडाली. दिवाळीपर्यंत ही थट्टा पुरली. मामाही घरी जाऊन रोज नवा अंदाज सांगत, आणि मामी रोज मान हलवून नाही म्हणत. त्या घरात इतकी करमणूक बऱ्याच दिवसांत झाली नसावी.

संक्रांत होऊन गेली होती. दुपारी शेजारचं कुणीतरी धावत फाटकाशी आलं. मामी न्हाणीत पडल्या होत्या, तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता. आम्ही त्यांना डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी विचारलं, "गोळी चालू आहे ना?"

"हाव. रोज," मामा म्हणाले. "एक दिस चुकली न्हाई."

"परभणीला न्यावं लागेल. तिथं दाखवायला ती गोळी आणा."

घरी गोळीचं पाकीट सापडेना. मी मामांना मोटारसायकलवर बसवून औषधाच्या दुकानात नेलं. दुकानदार ओळखीचा. तो म्हणाला, "मामी तर दसऱ्यापासून आल्या नाहीत. मला वाटलं, दुसरीकडून घेतात."

मी मामांकडं बघितलं नाही. बघवलं नाही. गोळीचे पैसे मामींच्या हातून हप्त्या-हप्त्याला तेलात आणि डाळीत गेले होते, आणि मामा ते तेल, ती डाळ खात होते. गोळी न घेतल्यानं काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. म्हणून मामींना तीच सोडण्याजोगी वाटली असणार. घरात सोडण्यासारखं दुसरं काय उरलं होतं?

दुकानाच्या पायरीवर मामा म्हणाले, "आन् मी हासत हिंडलो, भाऊ. रोज घरी जाऊन इचारत व्हतो तिला. ही सोडलीस का, ती सोडलीस का. ही तेवढी ध्यानात आली न्हाई."

मी म्हटलं, कुणाच्याच आली नाही. ते खरं होतं, पण त्याचा त्यांना काय उपयोग?

परभणीच्या दवाखान्यात मामी थोडेच दिवस होत्या. त्यांची वाचा गेली होती. मामा उशाशी बसून सारखे म्हणायचे, "आता सांग की गं. नेम मोडू दे, सांग." मामी डाव्या हातानं त्यांच्या शर्टावरची लव वेचत राहायच्या. त्यातच त्या गेल्या.

दहाव्याच्या आधी हप्त्याचा दिवस आला. ती थोराड बाई पगार घेऊन थेट माझ्या काट्यापाशी आली आणि पैशांतून थोडे वेगळे काढून तिनं माझ्यापुढं ठेवले. "ही माजी औंदाची वाढ, ह्या हप्त्याची. मामीच्या ताटाला." मग एकेक जण आला आणि आपापली वाढ ठेवून गेला. मीही ठेवली. शेटनी द्यायचं म्हटलं, तेव्हा मामांनी हात जोडून नको म्हटलं.

दहाव्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचं ताट ठेवतात. मामांची लेक चुडाव्याहून आली होती. तिनं बापाला विचारलं, "आईला काय आवडायचं, आबा? मला तर ती कधी काय खाताना दिसलीच न्हाई." लेक लहान असतानाच ते सोडणं सुरू झालं होतं, तिचाही काय दोष?

मामा आठवून सांगू लागले. दुधाचा चहा. जिलबी. कांद्याची भजी. वरणावर तूप. ओल्या नारळाची वडी. एका सालाआड एक वस्तू ते सांगत गेले आणि लेक ऐकत गेली. "आन् औंदा," एवढं म्हणून ते थांबले.

सगळ्या जिनिंगची मिळून ती वाढ मामींच्या ताटाला आणि त्या दिवशी आलेल्या माणसांच्या जेवणाला पुरली. बरोबर तेवढीच पुरली.

दुधना नदीच्या काठावर ताट ठेवलं. मामांनी स्वतः चहाचा पेला जिलबीच्या बाजूला सरकवून ठेवला. अशा वेळी कावळा शिवेपर्यंत माणसं तासन्‌तास ताटकळतात, याचना करतात, काय काय कबूल करतात. इथं आम्ही मागं सरून उभे राहतो न राहतो तोच कावळा आला आणि जिलबीवर बसला.

भटजींनी समाधानानं मान डोलावली. गल्लीतली एक म्हातारी मामांच्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "बगा बाप्पा, लगीच शिवला. तिची कायबी इच्छा ऱ्हायली नव्हती."

मामांनी तिच्याकडं बघितलं. कावळ्यानं सावकाश जिलबी संपवली, मग भजी टोचली, आणि तो उडून जाईपर्यंत मामा तिथंच उन्हात उकिडवे बसून राहिले.