मामांच्या नावाची साइज

“हे माझं नाव आहे का विहिरीच्या पायऱ्या? अं? याच्यावरून तं बकरी चढून जाईन, बाप्पा!”

काउंटरवर दोन्ही पंजे आपटत रमेशमामा ओरडत होते. काटोलचे संत्र्याचे व्यापारी. बाजारात लिलावाच्या गलक्यात बोलायची सवय, त्यामुळे त्यांचा साधा आवाजही इतवारीतल्या या दुकानातून निघायचा, सीताबर्डीच्या किल्ल्यावर आपटायचा आणि चहा पिऊन परत यायचा. मी जिना चढून दारात चपला काढत होतो. त्या पुन्हा घालून पळावं असा विचार मनात आला होता, पण मालक वासूभाऊंनी मला पाहिलं.

“आले पाहा इंजिनिअर! विजयभाऊ, पाहा तुमची करणी. गिऱ्हाईकासाठी पलंगाएवढा टीव्ही आनला, अन् त्याच्यावर मामाजीची अब्रू जाऊन राहिली!”

छापखान्यांना आणि लग्नपत्रिकांच्या दुकानांना लागणारी सॉफ्टवेअर लिहायची, ती बसवायची आणि बिघडली की शिव्या खायच्या, हा माझा धंदा. वासूभाऊंच्या दुकानातला प्रिव्ह्यूअर मीच लिहिलेला. प्रिव्ह्यूअर म्हणजे कार्ड छापण्याआधी ते कसं दिसेल ते स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम. इतकी वर्षं तो कोपऱ्यातल्या छोट्या मॉनिटरवर गुमान चालला. ऑपरेटर लताताई सोडून त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. वासूभाऊंनी तो टीव्हीला जोडला, टीव्ही गिऱ्हाईकांकडे तोंड करून टांगला, आणि सगळ्यांचे डोळे एकदम उघडले.

मामांसोबत त्यांची भाची आली होती, प्रणाली. लग्न तिचंच. ती स्टुलावर बसून हसत होती.

“मामा, छापून आलं की बरोबर येते ते.”

“मले आत्ता पाहाचं हाय.”

“कार्ड कसंबी राहू द्या. तुम्ही फक्त मंगलाष्टकाच्या वेळी माझ्या मागं उभे राहा, फेटा बांधून.”

मामांचा आवाज एकदम खाली आला. “राहीन तं काय वं! मागं डोंगर असल्यावानी वाटलं पायजे तुले.”

नंतर लताताईंनी हळूच सांगितलं, की पोरीची आई गेलेली आहे. आईच्या बाजूचा म्हणावा असा हा एकच माणूस. म्हणून हा आरडाओरडा.

आता मामांच्या पायऱ्यांचं कारण. माझ्या जुन्या प्रोग्राममधले फॉन्ट ठिपक्यांचे होते. म्हणजे प्रत्येक अक्षराची ठिपक्यांची रांगोळी काढून ठेवलेली, आणि प्रत्येक साइजची रांगोळी वेगळी. मशीन तेव्हा इतकी हळू होती, की एक ‘ळ’ स्क्रीनवर उमटेस्तोवर माणूस जेवून येत असे. तयार रांगोळी उचलून ठेवणं सोपं. दुकानात अशा तीनच साइज होत्या. त्यांना नंबर नव्हते, नावं होती: लहान, मधली, मोठी. नवरा-नवरी मोठीत, काका-मामा मधलीत, बाकी सगळी पलटण लहानीत. प्रिंटरकडे बारीक ठिपक्यांचा वेगळा संच होता, म्हणून छापील कार्ड चोख यायचं. टीव्हीवर मात्र तेच मोजके ठिपके ताणून ताणून बकरीच्या पायऱ्या झाल्या होत्या.

यावर उपाय म्हणजे स्केलेबल फॉन्ट. त्यात ठिपके नसतात. अक्षराची फक्त कड, कुठून वळायचं आणि किती वळायचं, एवढं लिहून ठेवलेलं असतं. मग त्याला सुपारीएवढं करा नाहीतर अंबाझरीच्या तलावाएवढं करा, मशीन दर वेळी नव्यानं कड आखतं आणि आत रंग भरतं. सारी दुनिया कधीच त्याच्यावर गेली होती. वासूभाऊंचं दुकान तेवढं राहिलं होतं, कारण काही बिघडलंच नव्हतं.

“करून देतो,” मी मामांना म्हणालो. “पुढच्या खेपेला तुमचं नाव लोण्यासारखं दिसेल.”

काम सोपं वाटलं होतं. नवे फॉन्ट आणले, फोल्डरमध्ये टाकले, प्रिव्ह्यूअर चालू केला. स्क्रीनवर त्याच पायऱ्या. दुसऱ्यांदा टाकले, तरी पायऱ्या. लताताईंनी मशीनला उदबत्ती ओवाळायची का असं विचारलं, आणि मी जवळजवळ हो म्हणणार होतो. मग आठवलं. प्रिव्ह्यूअर आधी जुन्या ठिपक्यांच्या फोल्डरमध्ये डोकावतो. तिथं अक्षर सापडलं, की पुढं जायची तसदी घेत नाही, अगदी सरकारी ऑफिसातल्यासारखं. हा आळस मीच त्याला शिकवला होता. शिवाय एकदा दाखवलेली अक्षरं तो स्वतःजवळ साठवून ठेवायचा, तो साठाही होताच. साठा रिकामा केला. मग एक छोटी फाइल लिहिली, तिला मॅप म्हणतात: अमुक नावाचा फॉन्ट मागितला तर तमुक फाइल उघड. मग नव्या अक्षरांची रुंदी जुन्याशी जुळवली, नाहीतर स्क्रीनवर एका ओळीत मावलेली आत्याबाई छापताना खालच्या ओळीत पडते आणि लग्नातून उठून जाते. एवढं झालं तेव्हा टीव्हीवर मामांचं नाव उमटलं. खोटं सांगत नाही, इतकं गुळगुळीत, की त्यावर बसलेली माशी घसरली.

वासूभाऊ खूश झाले. म्हणाले, “आता साइज कमीजास्त कराले एक सरकती पट्टी द्या. अन् बाजूले आकडा दिसू द्या.”

“आकडा कशाला, भाऊ?”

“गिऱ्हाईकाले भरोसा वाटते ना! मापात काम हाय म्हनून.”

दिली पट्टी, दिला आकडा, प्रिंटरलाही तेच नवे फॉन्ट दिले. अर्ध्या तासाचं काम होतं.

पुढच्या खेपेला कुटुंबच आलं. प्रणाली, तिचे वडील देवरावजी, रमेशमामा आणि सुधाकरकाका. देवरावजी बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत सुपरवायझर. तिथं मशीनच्या गोंगाटात राहून राहून माणूस मुका झालेला. काका त्यांचे थोरले भाऊ, रिटायर्ड हेडमास्तर. प्रणालीला कॉलेजसाठी त्यांनी घरी ठेवून घेतलं होतं. सगळे टीव्हीसमोर ओळीनं उभे राहिले. मामांनी आपलं नाव पाहिलं आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की माझा एक मणका अजून काटोलच्या दिशेला वाकलेला आहे.

“आता कसं! आता मानूस वाटून राहिलो!”

तिथंच थांबायला हवं होतं. पण काकांचं लक्ष पट्टीकडे गेलं.

“हे मोठं होतं का?”

“होते ना,” लताताई म्हणाल्या.

“मग आमच्या बाजूचं जरासं करा. म्हाताऱ्या लोकांना चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे.”

लताताईंनी पट्टी सरकवली. अठराचा आकडा एकोणीस झाला.

मामांनी आकडा वाचला. “त्यायचं एकोनीस. आमचं?”

“अठरा.”

“काहून?”

या ‘काहून’चं उत्तर इतकी वर्षं वासूभाऊंकडे तयार असायचं. कोणाच्याही आत्यानं, फुव्यानं, साडूनं नाव मोठं करा म्हटलं, की ते हात जोडून म्हणायचे, “मशीन देत नाही, बाप्पा.” आणि आत्या, फुवा, साडू सगळे मशीनवर चिडून घरी जायचे. आजही सवयीनं त्यांच्या तोंडून तेच निघालं.

“मशीन देत नाही, मामाजी.”

मामांनी टीव्हीकडे बोट केलं. “देऊन तं राहिलं!”

मामा एकोणीसवर आले. काका साडेएकोणीसवर गेले. मामा वीस, काका एकवीस. वर गणपती आक्रसून उंदराएवढा झाला. नवरदेवाचं आडनाव कार्डाच्या कडेला जाऊन लटकलं. लग्नाची तारीख कुठे गेली ते मी अजून शोधतो आहे. मी मध्ये पडलो. म्हणालो, एवढं मोठं प्रिंटरला झेपणार नाही. दोघं एका सुरात म्हणाले, “तुम्ही चूप राहा.” त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

देवरावजींनी मला कोपऱ्यात घेतलं. एवढ्या वेळात ते पहिल्यांदा बोलत होते.

“भाऊ, पैलेसारखं करून द्या ना. खराब दिसलं तरी चालते.”

करता आलं असतं. मॅपमधली एक ओळ काढायची, आणि प्रिव्ह्यूअर आपल्या जुन्या ठिपक्यांकडे परत जातो. मी काढलीसुद्धा. पायऱ्या आल्या, पट्टी गेली, आकडा गेला. पण दोघांनी तो पाहिला होता. पाहिलेला आकडा कुठल्या फाइलमधून काढायचा?

“कार्डात काय आहे एवढं?” प्रणाली मधे आली. “दोघांचंही नाव सारखं ठेवा अन् घरी चला.”

“सारखं कसं?” काका म्हणाले. “तुझं शिक्षण माझ्या घरातून झालं. मामाकडे तू सुट्टीत जात होतीस, बेटा.”

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

“माझी बहीन राहिली असती, तं तिचं नाव तुमच्या लायनीत असतं,” ते म्हणाले. “तिच्या वाटचा मी एकटाच हाव इथं. मले तेवढं लहान नका करू.”

काका टीव्हीकडे पाहत राहिले. मामांनी काउंटरवरची पिशवी उचलली आणि ते जिना उतरले. प्रणाली मागं धावली. खालून तिच्या हाका ऐकू येत होत्या. मग त्या थांबल्या, आणि ती एकटीच वर आली.

देवरावजींनी दोन्ही नावं सारख्या साइजमध्ये छापली. पहिलं कार्ड घेऊन ते स्वतः काटोलला गेले. मामांनी कार्ड घेतलं, चहा पाजला, येतो म्हणाले नाहीत. काकांचं म्हणणं, आपण वाकडं काय बोललो? आणि खरंच, ते काही खोटं बोलले नव्हते. हे सगळं मला वासूभाऊंकडून कळलं. शहराबाहेर बेसा इथल्या एका लॉनवर लग्न होतं, मलाही बोलावणं होतं. बुटीबोरीत एका कंपनीत लेबलांचं अर्जंट काम निघालं असं मी सगळ्यांना सांगितलं. तसं काही काम नव्हतं.

तेव्हापासून कुठल्याही दुकानात प्रिव्ह्यूअर बसवायचा असेल, तर मी आधी स्क्रीन कोणाकडे तोंड करून आहे ते पाहतो. गिऱ्हाईकाकडे असेल, तर फॉन्ट स्केलेबलच टाकतो, पण बटणं तीनच देतो: लहान, मधली, मोठी. तरुण पोरं हसतात. म्हणतात, सर, आजच्या जमान्यात तीनच साइज? मी म्हणतो, मशीन देत नाही.

काही महिन्यांनी प्रणाली दुकानात आली. नवऱ्याच्या क्लासचं पत्रक छापायचं होतं. मी तिथंच होतो. मजकूर पाहून झाला, तिनं चहा घेतला, बरी दिसत होती. विचारू नये असं ठरवूनही मी विचारलं.

“मामा आले होते?”

“नाही.”

“मग मागं कोण उभं राहिलं?”

“फोटोग्राफरनं केलं एका मानसाले उभं. मागची जागा खाली दिसून राहिली म्हने.”

“कोण होते ते?”

“नाही विचारलं,” ती म्हणाली.